बोलण्याची वाट बघणारी माणसं

मी हॅम्बुर्गला निघाले त्या दुपारी आमची टॅक्सी लालबागच्या मसाला गल्लीच्या तोंडाशीच अडकली होती. आई दुकानातून तशीच उठून आली. मिरच्यांची देठं खुडून तिची बोटं तांबडी झालेली, त्यामुळे तिने माझ्या गालाला हात लावला नाही. खिडकीत डोकं घालून म्हणाली, "पोचलंस की फोन कर. आणि माझी काळजी करू नको गो. माका हंय सगळी ओळखतत."

ते खरंच होतं. बाबा गेल्यापासून ती त्या दुकानात मिरच्या निवडायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची. नव्या नवरीला मालवणी मसाल्याचं प्रमाण सांगायची, दमट माल आणणाऱ्याला फैलावर घ्यायची. संध्याकाळी चाळीत ती यायच्या आधी जिन्यातून तिचा आवाज यायचा.

तिची मुलगी असून मी हॅम्बुर्गमध्ये मुकी झाले. माझ्या नवऱ्याचं, प्रसादचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, माझ्या वाट्याला आलेली बेकरी, डॉक्टर, शेजारीण सगळं जर्मन. मी पावाकडे बोट दाखवायचे. एखादं वाक्य सुरू केलं की समोरचा चांगल्या मनाने ते पूर्ण करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा ते माझं वाक्य नसायचंच. मी मान डोलवून घरी यायचे. तरी जर्मनचा क्लास सोडला नाही. मला तिथल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, काम करायचं होतं.

प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला आणि त्याच महिन्यात शेजारच्या नलूमावशीचा फोन आला. आईला झटका आला होता. मी पोचले तोवर ती शुद्धीवर होती. उजवा हात लुळा पडला होता, आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता, 'गुरवार'. पाणी हवं, गुरवार. खिडकी लाव, गुरवार. मला पाहून तिने डावा हात पुढे केला, ओठ थरथरले, आणि "गुरवार" असं म्हणून ती स्वतःच इतकी घाबरली की तिने तोंडावर पदर घेतला.

डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, शब्द सापडत नाहीत. रोज सराव हवा, आणि त्याला वेळ लागेल. मी प्रसादला फोनवर सांगितलं की तिला घेऊन येते. तो हो म्हणाला. पण मलाच कळत होतं, तिथे तिच्याशी मालवणीत बोलणारं एकही माणूस नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे प्रशिक्षण सोडून मी इथेच राहायचं.

"अगं, परळचा तो क्लब आहे ना, शाळेच्या हॉलमध्ये जमतात ते," नलूमावशी म्हणाली. "झटका आलेल्या माणसांकडे त्यांची लोकं घरी येतात, बोलायला शिकवतात. टेन्शन नको घेऊ, मी निरोप देते."

मी तो क्लब ओळखत होते. वह्यावाटप, चष्म्यांचं शिबिर, स्टेजवर हार-तुरे. खरं सांगायचं तर फार आशा नव्हती.

कर्णिककाका आले. दादरला राहणारे, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. क्लबने एका स्पीच थेरपिस्टकडून आपल्या सभासदांना तयार करून घेतलं होतं. त्यांनी चित्रांची कार्डं मांडली. "ताई, हे काय? सफरचंद. म्हणा बरं, स..."

आईने कार्ड उलटं करून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

जाताना जिन्यात त्यांनी मला विचारलं, "आई दिवसभर बोलायच्या कशाबद्दल?" मी सांगितलं. पुढच्या खेपेला ते कागदाच्या पुडीत मिरच्या घेऊन आले. आईने एक उचलली, मोडून पाहिली, हुंगली. कपाळाला आठ्या पडल्या. तिचा जबडा नुसताच हलत राहिला आणि मग स्पष्ट आलं, "दमट!"

"अहो, फसवलं की मला त्याने!" काका म्हणाले, आणि आई हसली. तोंड वाकडं झालं, पण हसली. मी मोरीत जाऊन भरपूर रडून घेतलं.

त्यानंतर तिच्या तोंडी बेडगी आली, देठ आलं, नलू आली. माझं नाव यायला मात्र बराच वेळ लागला.

परत जायचं की नाही, हे मी काकांनाच विचारलं. "जा," ते म्हणाले. "मी एकटा नाही, आम्ही पाळीपाळीने येतो. नलूताई शेजारी आहेतच. पण तुम्हालाही काम आहे. रोज व्हिडिओ कॉल करायचा आणि गप्प बसायचं. त्यांचा शब्द तुम्ही पुरवायचा नाही. कितीही वेळ लागू दे."

गप्प बसणं किती कठीण असतं, ते त्या कॉल्सनी मला शिकवलं. आई एका शब्दासाठी धडपडत असायची आणि माझ्या जिभेवर तो तयार असायचा. मग मला बेकरी आठवायची आणि मी ओठ मिटून घ्यायचे. पुढे ती मलाच परीक्षेला बसवू लागली. चमचा दाखवून म्हणायची, "थंय?" म्हणजे तिथे याला काय म्हणतात. मी 'ल्योफेल' म्हणायचे. ती म्हणायची, "वायट." आम्ही दोघी एकदमच बोलायला शिकत होतो.

आज मी किटामध्ये शिकवते. नुकतंच बोलू लागलेलं पोर शब्दावर अडलं की बाकीच्यांना थांबवते. सहकाऱ्यांना माझ्या या सबुरीचं कौतुक वाटतं. ती मला परळच्या क्लबने शिकवली, हे मी त्यांना अभिमानाने सांगते.

यंदा सुट्टीत आईबरोबर त्या हॉलमध्ये गेले. शनिवारी झटक्याने बोलणं गेलेली सगळी माणसं एकत्र जमतात. आई आता तुटक पण पुष्कळ बोलते, आणि नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसणं हे तिचं काम आहे. माहीमचे एक गृहस्थ स्वतःचं नाव सांगताना अडले. त्यांची बायको मदतीला सरसावली तशी आईने तिच्या हातावर हात ठेवला. "घाई नको."

माझी ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली. "ह्यां... माझां... चेडू." चेडू म्हणजे मुलगी, तेवढं दादरकरांनाही कळलं. "जर्मनीत... शाळेत... शिकयता. उद्या..."

तिथे ती अडकली. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. जाता, एवढाच तर शब्द होता. सगळा हॉल थांबला. कर्णिककाकांनी नजर जमिनीकडे वळवली. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"उद्या... येता," आई म्हणाली आणि खाली बसली.

शब्द चुकला की तिने मुद्दामच तो निवडला, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे निघताना 'येते' असंच म्हणतात. तुम्ही मागे राहिलेले असा की माझ्यासारखे दूर गेलेले, हे तुम्हालाही ठाऊक आहे. घर कुठे, असं मला तिकडे कुणी विचारलं की पूर्वी मी चाळीचा फोटो दाखवायचे. आता सांगते, परळला एक हॉल आहे, तिथे आई बसते.