राजपुत्राचे तीन वन्समोअर

मी चांगली गायचे, हे आधीच सांगून टाकते. खोटा विनय मला जमत नाही. पण माझी मैत्रीण माझ्यापेक्षा चांगली गायची आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची मुलींची शाळा. दरवर्षी कोजागिरी झाली की वरच्या वर्गातल्या मुलींचं संगीत नाटक व्हायचं. गाण्याच्या बाईच नाटक लिहायच्या, चाली त्याच लावायच्या आणि पायपेटीवर बसायच्याही त्याच. पुरुषांच्या भूमिका आम्हीच करायचो. मी अंगानं थोराड, आवाज खणखणीत, म्हणून त्या वर्षी मी राजपुत्र झाले. डोक्यावर काकांचा फेटा, ओठावर काजळाच्या मिशा. ती रुसलेली राजकन्या. पहिल्या अंकात राजपुत्राचं पद, मधे मंत्री, सखी, विदूषक यांची पदं, आणि राजकन्या दोन अंक रुसून गप्प. तिसऱ्या अंकात ती तोंड उघडते आणि एकच पद गाते. सगळं नाटक बाईंनी त्या एका पदासाठी रचलं होतं.

ते वर्ष म्हणजे मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश होण्याचं. संस्थान जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत आम्हांला निम्म्या राजधानीची सवय झाली होती. उन्हाळ्यात कचेऱ्या इंदूरला जायच्या, थंडीत परत यायच्या. यंदा मात्र सगळं भोपाळला जाणार होतं, ते कायमचंच. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांतून रोज कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड हलायचं. वर्गात बाकं रिकामी होत होती. बाई हजेरी घेताना मधेच थांबायच्या आणि चष्मा पुसायच्या.

तिचे वडील सचिवालयात कारकून. घराणं शिपाईगिरीचं, तिचे पणजोबा घोड्यावरून आले होते दक्षिणेतून. वडील तलवार ठेवून लेखणी धरलेले, पण पीळ तसाच. आई नव्हती. घरी निम्मं मराठी, निम्मं हिंदी. ती वडिलांना दादा म्हणायची.

नाटकाच्या आठ दिवस आधी तिनं मला शाळेच्या जिन्यात ओढून सांगितलं, "दादांच्या बदलीचा हुकूम आलाय. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं. पण सुन, इथली आत्या म्हणाली, पोरीला माझ्याकडे राहू दे, गाणं शिकेल. दादा म्हणाले, गुरुजींनी ऐकून 'हिला शिकवतो' म्हटलं तर राहील. नाहीतर चला भोपाळ. कुणाला बोलू नकोस हं. लोक म्हणतील वशिला लावला."

गुरुजी म्हणजे आमच्या बाईंचे गुरू. कुणाच्या घरी जाऊन मुली ऐकणारे नव्हेत. आणि दादा कुणाच्या दारात जाऊन हात पसरणारे नव्हेत. दोघेही एकापेक्षा एक! पण बाईंच्या शब्दाखातर गुरुजी दरवर्षी आमच्या नाटकाला येऊन पहिल्या रांगेत बसायचे. फक्त दिवेलागणीला उठायचे. संध्याकाळी देवळात देवापुढे गायचं हा त्यांचा नेम, तो त्यांनी घरात मृत्यू झाला त्या दिवशीसुद्धा मोडला नव्हता म्हणत. म्हणून नाटक दुपारी तीनला. तिनं बोटांवर हिशोब करून मला सांगितलं होतं, "पाचच्या आत माझं पद होतंय. मग गुरुजींना अर्धा घंटा उरतो. बस झालं."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून कुणी म्हणेल, पोरवय होतं, काय कळतंय! कळत होतं.

आता आमच्या लष्करच्या मराठी मंडळींची एक खोड. वन्समोअर आला की पद पहिल्यापासून, आलापासकट, संपूर्ण गायचं. तुकडा गाऊन सुटका नाही. आमच्या बाई तर म्हणायच्या, प्रेक्षकानं मागितलं आणि आपण दिलं नाही तर तो अपमान. आणि दुसरी खोड अशी की एकीला वन्समोअर मिळाला की बाकीच्यांच्या घरचे पेटायचे. सरदारांच्या पोरीला मिळाला मग उपाध्यांच्या पोरीला का नको? कुणाची मान खाली जायला नको म्हणून सगळ्यांच्या माना वर!

मी माझ्या दोघा मावसभावांना आदल्या दिवशी बाड्याच्या बाजारात कचोरी खाऊ घातली आणि बजावलं, "माझं पद संपलं रे संपलं की ओरडायचं. मागच्या रांगेतून. वेगवेगळ्या आवाजात." एकदाच, असं मनात होतं. एका वन्समोअरनं काय होतंय?

पडदा वर गेला. मी गायले. खरंच छान गायले. मागून दोघं गाढवं ओरडली, "वन्समोअर!" बाईंनी पायपेटी पुन्हा सुरू केली. दुसऱ्यांदा गाताना मला असा काही चेव आला की मी नव्या ताना घातल्या. पुन्हा "वन्समोअर!" आता त्यात इतरही मिळाले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून 'पुरे' म्हणू शकत होते. एकदा वन्समोअर दिल्यावर तशीही रीत होती, त्यात अपमान नसतो. मी विंगेकडे पाहिलं. ती राजकन्येच्या शालूत उभी होती आणि तिनं मान हलवली. नको, अशी. मी तोंड फिरवलं आणि तिसऱ्यांदा गायले. चौथ्यांदाही गायले.

मग काय विचारता! मंत्र्याला दोन, सखीला दोन, विदूषकाला तर त्याच्या सगळ्या आळीनं डोक्यावर घेतलं. दुसरा अंक संपता संपता खिडक्यांतून येणारं ऊन भिंतीवर वर चढत गेलं आणि दिसेनासं झालं. तिसरा अंक सुरू झाला तेव्हा शिपायानं दिवे लावले. मी रंगमंचावर तिच्या पुढ्यात गुडघा टेकून बसले होते. तिचं पद सुरू व्हायला माझी दोन वाक्यं होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गुरुजी उठले. त्यांनी बाईंना नमस्कार केला, उपरणं सावरलं आणि काठी टेकत निघून गेले. त्यांच्या मागच्या रांगेत दादा बसले होते. त्यांनी गुरुजींच्या पाठीकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली.

मी वाक्यं म्हटली. दुसरं काय करणार होते?

ती गायली. अहाहा, काय गायली! मी इतक्या जवळ होते की तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिचा आवाज कुठं कापला नाही, कुठं घाई नाही. रिकाम्या खुर्चीसमोर ती ते पद पूर्ण गायली. आणि संपल्यावर एकाही माणसानं वन्समोअर म्हटलं नाही. अंधार पडला होता, बायका शाली गुंडाळत होत्या, पुरुष टांगे बघायला बाहेर गेले होते. मी तरी म्हणायचं होतं. राजपुत्राच्या वेषात, तिथं बसल्याबसल्या. ते मला सुचलं दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी आणखीही एक गोष्ट सुचली होती, तीच मला जास्त जाळते. गाडी दुपारची होती. सकाळी गुरुजी घरीच शिकवायचे. मी धावत बाईंकडे गेले असते, सगळं ओकून टाकलं असतं, तर बाईंनी तिला हाताला धरून गुरुजींपुढे नेऊन बसवलं असतं. आई म्हणाली, "अगं, तुझी मैत्रीण आज जातेय ना? स्टेशनवर जाऊन ये." मी म्हटलं, डोकं दुखतंय. बाईंनी विचारलं असतं, काल एवढे वन्समोअर कुणी ओरडायला लावले? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी पांघरूण घेऊन पडून राहिले. आल्यागेल्यांना आई कौतुकानं सांगत होती, चार वेळा गायली हो आमची!

मी गाणं पुढं चालू ठेवलं नाही. त्याला पश्चात्ताप वगैरे नाव देऊ नये, मला तेवढी आवडच नव्हती. मला टाळ्या आवडायच्या.

तीस वर्षं गेली. भाचीच्या बारशाला भोपाळला गेले असताना कुणीतरी तिचा पत्ता दिला. ती दादांच्याच सचिवालयात नोकरीला लागली होती, लग्न केलं नव्हतं. दार उघडल्याबरोबर तिनं मला मिठी मारली. "अरे, राजपुत्र!" आम्ही खूप हसलो. गाण्याचं विचारलं तर म्हणाली, "छे गं, भोपाळला आल्यावर कोण शिकवणार? आणि दादांना एकट्याला सोडून कुठं जाणार?" तेव्हा मला राहवलं नाही. मावसभाऊ, कचोरी, डोकेदुखी, सगळं सांगितलं. मनात होतं, ती रागावेल, बोल लावेल, रडेल, आणि मी सुटेन.

ती रागावली नाही. बशीतली शेव तिनं माझ्यापुढे सरकवली.

"मला विंगेतून कळलंच होतं," ती म्हणाली. "तुझ्या मावसभावांचे आवाज मी ओळखत नव्हते का? मी ते सोडून दिलं होतं कधीच. पण दादांना माहीत नव्हतं ना. ते म्हणायचे, मी अकड सोडून एकदा गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं असतं तर पोरीचं आयुष्य वेगळं झालं असतं. रोज म्हणायचे. शेवटी शेवटी तर जेवताना पण हेच. तू माझी मैत्रीण, तुझं नाव मी कसं घेणार होते? तू येऊन सांगायचं होतंस त्यांना. तुझ्या तोंडून ऐकून ते सुटले असते बिचारे."

मी विचारलं, कधी गेले?

"या पौषात."

त्याआधीच्या तीस वर्षांत मी भोपाळला चार वेळा येऊन गेले होते.