साठ बायकांचं सुख आणि मशीन

ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमची धर्मशाळा होती. आम्ही तीस बायका. सगळ्या महाराष्ट्राकडच्या, सगळ्या विधवा. कोणाला पुतण्यानं आणून सोडलेलं, कोणी तीर्थाला म्हणून आली ती राहिलीच. मला धाकट्या दिरानं आणलं. "वहिनी, चार दिवस दर्शन घ्या, मी न्यायला येतोच," म्हणाला. मी सांगते त्या दिवसांत ह्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली होती. येत असेल बिचारा, रस्त्यात गर्दी असेल.

मी दुसरीपर्यंत शिकले. आकडे वाचता येतात, जोडाक्षर आलं की थांबते. दोन घरी पोळ्या करायची, उरलेला वेळ आपल्या कोपऱ्यात. कोपरा म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक आणि भिंतीत एक खुंटी. पावसाळ्यात वळकटी सरकवावी लागायची, पण कोपरा माझा होता. तो जाऊ नये एवढीच माझी देवाजवळ मागणी.

जायची भीती उगाच नव्हती. धर्मशाळेचा कारभार एक गृहस्थ बघायचे, त्यांना आम्ही वहिवाटदार म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना धर्मशाळेची निंदा ऐकली की उचकी लागायची. एकदा नागपूरचे कोणी देणगीदार आले. आमच्यातल्या एकीनं त्यांना सांगितलं की वरण फार पातळ असतं. दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं दारात. ती भोसले घाटाच्या पायरीवर एक थंडी राहिली. पुढं दिसली नाही. त्यानंतर सगळ्यांचं वरण घट्ट झालं. म्हणजे बोलण्यातलं. पातेल्यातलं होतं तसंच.

आता त्या पोरीचं सांगते. नव्वदच्या पुढची सालं होती. मी ज्या घरी पोळ्या करायची, त्या घरची ती लेक. बाप रेल्वेत, मराठीच. पोर युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायची.

"मावशी, तुमच्यावरच माझी थीसिस आहे," ती एकदा ओट्यापाशी येऊन म्हणाली.

"माझ्यावर? मी काय केलं?"

"तुम्ही नाही हो. विधवा बायका. धर्मशाळेत राहणाऱ्या तीस आणि मुलाच्या घरी राहणाऱ्या तीस. दोन ग्रुप. कोण जास्त सुखी, ते काढायचं."

"ते काढायला पीएचडी लागते?"

"असंच सांगून चालत नाही ना. एक ते पाच नंबर विचारायचे. एक म्हणजे फार दुःखी, पाच म्हणजे फार सुखी. मग कॉम्प्युटरमध्ये घालायचं, तो टेस्ट लावतो."

टेस्ट म्हणजे काय, ते तिनं मला पोळी लाटताना समजावलं. दोन पातेल्यांत वरण आहे. दोन्हीतलं चमचा चमचा चाखलं. एक खारट वाटलं. मग ते खरंच खारट आहे, की आपल्या चमच्यातच मीठ जास्त आलं? म्हणजे फरक खरा, की योगायोग? एवढंच ते मशीन सांगतं. मला पटलं. मी म्हटलं, ह्यासाठी एवढं मोठं मशीन कशाला, जीभ असते माणसाला. ती म्हणाली, जिभेची सही चालत नाही.

ती धर्मशाळेत आली त्या दिवशी वहिवाटदार स्वतः खुर्ची घेऊन अंगणात बसले. "विचारा, विचारा. आमच्याकडे लपवाछपवी नाही," म्हणाले. एकेक बाई पुढं यायची.

"आजी, तुम्ही इथं किती सुखी आहात? एक ते पाच."

"पाच."

"जेवण कसं असतं?"

"पाच."

"रात्री झोप लागते का?"

"पाच."

एकीनं विचारलं, "पाचाच्या वर नाही का गं काही?" एक बहिरी होती, तिला प्रश्न कळेना, तिनं थांब म्हणून पंजा वर केला. वहिवाटदार म्हणाले, "लिहा, पाच." माझी पाळी आली. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी वहिवाटदारांकडं बघितलं, आणि पाच म्हटलं. म्हणताना काही अवघड गेलं नाही. तेवीस वर्षं तेच म्हणत होते.

मग मुलाकडं राहणाऱ्या बायका. त्या घरांत मीच तिला घेऊन गेले, पोळ्यांमुळं मला सगळे ओळखायचे. तिथं वहिवाटदार नव्हते, पण सून होती. चहाचा कप घेऊन दारात उभी.

"सासूबाई एकदम मजेत," सून म्हणायची. "लिहा पाच."

"ताई, त्यांना बोलू द्या ना."

"अहो बोला ना आई! कोणी अडवलंय का?"

आई म्हणायची, "हिलाच विचार बाई. माझं सुख हिलाच माहीत."

एका बाईसाठी आम्ही नावेतून रामनगरला गेलो. ऊन डोक्यावर, पोरीच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. ती बाई अंगणात एकटी बसलेली. मला वाटलं, ही तरी बोलेल. ती हळूच म्हणाली, "मुलगा आत आहे. पाच लिही आणि जा."

असे साठ कागद झाले. पोर खूश होती, एकाही बाईनं नाही म्हटलं नव्हतं. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी पोळ्या करणारी, मी काय सांगणार?

पंधरा दिवसांनी मी सकाळी कामाला गेले तर पोर स्वयंपाकघरात पाटावर बसून रडत होती.

"काय झालं?"

"मशीन टेस्ट लावतच नाही, मावशी. म्हणतं, करता येत नाही. दोन्हीकडं सगळे पाच. कमी नाही, जास्त नाही. मतलब फरक मोजायला काही आहेच नाही."

"मग बरंच झालं. सगळ्या सुखी."

"सर म्हणतात, मी घरी बसून फॉर्म भरले. साठ बायका एकच उत्तर देतात असं जगात होत नाही, म्हणाले. चमचा बुडवलाच नाहीस, नुसती चव सांगतेस, असंच म्हणाले जवळजवळ. सोमवारपर्यंत सिद्ध केलं नाही तर नाव काटणार."

नाव काढून टाकलं की बाप लग्न लावून देणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ती लग्नासाठी रडत नव्हती. "मी खोटं नाही लिहिलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खोटं तिनं नव्हतंच लिहिलं. खोटं आम्ही सांगितलं होतं. मी कणीक भिजवली, पोळ्या केल्या, ओटा पुसला, आणि म्हटलं, "चल, मी येते तुझ्या सरांकडं."

रिक्षात बसल्यावर मला घाटावरची ती पायरी दिसायला लागली. म्हटलं, बाई गं, जिभेला सांभाळ. फक्त सांग की पोर आली होती, तिनं विचारलं होतं. तेवढं खरं आहे, तेवढं पुरे.

मशीनची खोली मी पहिल्यांदा बघितली. बाहेर चपला काढायच्या. दाराला पडदा, आत गार हवा. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक आणि वरून प्लास्टिकचं कव्हर, धूळ लागू नये म्हणून. आमच्या इथल्या वैदिकांचं सोवळं मी बघितलंय, पण एवढं कडक नाही. आमच्या धर्मशाळेत वैशाखात बायका फरशीवर पाणी ओतून झोपतात. मशीनला मात्र घाम येऊ देत नाहीत. मनात आलं, पुढचा जन्म मशीनचा मिळाला तर बघावं.

सर हिंदी बोलणारे. टेबलाशी बसलेले, दारात त्यांचा चपराशी.

"माताजी, ये लड़की आपके यहाँ आयी थी?"

"आयी थी."

"सबसे पूछा?"

"एक एक से पूछा."

"और सबने पाँच बोला?"

"सबने."

"ऐसा कैसे हो सकता है?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण ते ज्या तऱ्हेनं हसले ना पोरीकडं बघून, ते मला नाही आवडलं. मी म्हटलं, "साहेब, आप अपने चपरासी से पूछिये, ये साहब कैसे हैं."

सरांनी खरंच विचारलं. चपराशी म्हणाला, "देवता हैं, सर. देवता."

सर खूश झाले. बराच वेळ खूश राहिले. मशीन चालवणारा गृहस्थ तोंड फिरवून खोकायला लागला, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं.

"अच्छा," ते म्हणाले. मग पेन उचलून, "तो सच्चा नंबर क्या है आपका?"

पोर मधे बोलली, "मावशी, नको. तुमचं काय होईल माहीत आहे ना? राहू दे."

मी विचार केला. एक म्हणू का? पण डोक्यावर छप्पर होतं, दोन वेळा अन्न होतं, पातळ का होईना. एक हा आकडा त्या पायरीवरच्या बाईचा. तो मला घेता येणार नव्हता. मी म्हटलं, "दो."

पोरीनं माझा कागद काढला, पाच खोडून दोन केला. मशीनवाल्यानं टकटक केलं आणि काय सांगू, मशीन चालायला लागलं! शेजारच्या डब्यातून करकर करत कागद बाहेर आला, आकडेच आकडे. पोरीनं बोट ठेवून दाखवलं. मनात आलं, इतकी वर्षं कोणाला मी हलवू शकले नव्हते, आणि एका दोनानं एवढं यंत्र हललं.

सर वाचून म्हणाले, "कोई ख़ास अंतर नहीं."

"मतलब?" मी विचारलं.

पोरीनं सांगितलं. मशीनची एक रेघ ठरलेली असते. शंभरात पाच वेळांपेक्षा जास्त नुसत्या योगायोगानं असा फरक पडू शकत असेल, तर तो धरायचा नाही. रेघेच्या अलीकडं सोवळं, पलीकडं ओवळं. माझा दोन ओवळ्यात गेला.

"म्हणजे मी योगायोग?"

"तुम्ही नाही हो मावशी. फरक."

मशीनवाला म्हणाला, "सर, ये एक माताजी अलग पड़ रही हैं. निकाल दें तो टेबल साफ़ दिखेगा." सरांनी मान हलवली. त्यानं मला काढलं. मशीन लगेच बंद, करता येत नाही म्हणालं. मग घाईघाईनं मला परत घातलं. आयुष्यात इतक्या लवकर मला कोणी परत बोलावलं नव्हतं.

पोर म्हणाली, "सर, धर्मशाला के मैनेजर सामने न हों, तब मैं सबसे फिर पूछूँ? दस दिन दीजिये."

"अब क्या ज़रूरत? नतीजा आ गया," सर म्हणाले. "दोबारा पूछना चाहिए, ऐसा आख़िरी पन्ने पर लिख दो. वो पन्ना कोई नहीं पढ़ता." आणि सही केली.

पोर वाचली. माझं मात्र पुढचे तीन महिने जेवण गेलं. छापलेली एक प्रत धर्मशाळेला द्यायची असं आधीच ठरलेलं होतं. त्यात नाव नव्हतं, पण धर्मशाळेचा रकाना, वय, काम, सगळं होतं. पोळ्या करणारी आमच्यात मी एकटी. मी ट्रंकेतलं सामान काढून गाठोडं बांधून ठेवलं. दोन लुगडी, तांब्या, एक घोंगडी. ऐन वेळी बांधत बसायला नको.

एका संध्याकाळी आरतीनंतर वहिवाटदारांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. हातात लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक. मी खांबाला टेकले.

"बायांनो," ते म्हणाले, "युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरनं सिद्ध केलंय. आपली धर्मशाळा आणि पोटच्या मुलाचं घर, ह्यात काहीही फरक नाही!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायच्याच होत्या.

"एक गोष्ट आहे," त्यांनी पान उलटलं. "तिसांत एकीचा आकडा दोन लागलाय."

टाळ्या थांबल्या. कोणी कोणाकडं बघेना. मी मनात गाठोड्याची गाठ तपासली.

"पण खाली लिहिलंय, हा फरक योगायोग आहे. म्हणजे त्या पोरीची लिहिताना चूक झाली असणार. आमच्याकडं कोण दोन म्हणेल?" आणि हसले. सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

दुसऱ्या आठवड्यात देणगीच्या पेटीवर पाटी लागली: संगणकाने सिद्ध, घरासारखेच सुख.

माझ्या शेजारच्या कोपऱ्यात एक म्हातारी होती, तिला आम्ही आक्का म्हणायचो. आम्ही दोघी गच्चीवर धुणं वाळत घालत होतो. ती लुगड्याचं दुसरं टोक धरून म्हणाली, "दोन तू म्हणालीस ना?"

"हो."

"मला वाटलंच. गाठोडं बघितलं मी तुझं." तिनं टोक झटकलं. "मी एक म्हटलं असतं."

"मग म्हणायचं होतंस."

"ते समोर बसले होते."

"आणखी आठ-दहा जणी बोलल्या असत्या, तर त्या मशीनला योगायोग म्हणता आलं नसतं, आक्का. पोर सांगत होती."

आक्कानं दोरीवर लुगडं सारखं केलं, काठाशी काठ जुळवला. मग खाली अंगणाकडं एकदा बघून म्हणाली, "पुन्हा अशी कोणी पोर आली, तर तिला म्हणावं पहाटे घाटावर ये. आम्ही सगळ्या तिथं असतो."

"सांगते," मी म्हटलं, आणि खाली येऊन गाठोडं सोडलं.