संघपाल सरांचा घरचा सर्व्हे

टेंभुर्णीच्या संघपाल सरांचं पोट दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यावर चालायचं. शाळा, पाणी, दवाखाना, कसलाही सर्व्हे निघाला की संस्थांची माणसं प्रश्न तयार करायला सरांकडेच येत. गावोगाव फिरणाऱ्या पोरापोरींना सर दम भरत, "‘दवाखान्याचा फायदा झाला का?’ असं विचाराल तर फायदाच ऐकाल. दारात आलेल्या माणसाला न्हाई म्हणायची आपल्यात रीत न्हाई. ‘मागं आजारी पडलात तेव्हा कुठं गेल्ते?’ असं विचारा. सासू बाजूला बसली असली तर सुनेला विचारूच नका. आणि एकदा ‘न्हाई’ आलं, की तेच फिरवून पुन्हा विचारायचं न्हाई."

अशा या सरांच्या प्रीतीला बघायला हसनाबादचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. पाहुण्यांची गाडी वळते न वळते तोच सरांनी भरल्या घरात लेकीला विचारलं, "पोरगा नोकरीला हाय, माणसं वळखीची हायत. मंग कळवू ना होकार?"

"तिला काय विचारून राह्यलास?" सरांची बहीण कौसल्याबाई म्हणाली. "बिलकुल सोन्यासारखं स्थळ हाय!"

प्रीतीने मान खाली घातली. पोरगी लाजली, म्हणजे होच, असा निकाल आत्याबाईंनी देऊन टाकला. सरही खूश झाले. त्यांना पोरगा मनापासून आवडला होता.

प्रीती कपबश्या घेऊन आत गेली. सुट्टीत तीही बापाच्या सर्व्हेला फिरलेली होती. सर मागोमाग आले तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, असं विचारून कुणी आलं असतं तर तुम्ही त्याला घरी पाठवलं असतं."

सरांना ते फार लागलं. त्यांनी बहिणीला दळण आणायला पिटाळलं, बायकोलाही सोबत धाडलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. ‘पोरात काय खोट हाय?’ हा प्रश्न त्यांनी मनातच खोडला. ‘कधी ना कधी करायचंच हाय की,’ हा तर प्रश्नच नव्हता. हजारो प्रश्न घडवलेल्या माणसाला घाम फुटला.

"प्रीती, तुला काय करायचंय?"

"हे लग्न न्हाई करायचं. पुढं शिकायचंय."

‘एकदा नीट विचार कर’ हे शब्द सरांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. वाईट मात्र फार वाटलं.

तेवढ्यात हसनाबादहून फोन आला. "सर, पोरगी पसंत हाय आमाला. तुमच्याकडं सगळे राजी असतीलच. कधी बसायचं बोला."

प्रीती ओला कप हातात धरून उभी होती. सरांनी घसा खाकरला.

"पोरगी राजी न्हाई."

पलीकडून पाहुण्यांनी मवाळ आवाजात विचारलं, "पण तुम्ही तर राजी हायात ना, सर?"

"मी हाय हो," सर म्हणाले, "पण माझं उत्तर धरायचं न्हाई."