खारबावची शेवटची कापणी आणि माझा अडकलेला पासपोर्ट

जानेवारीतल्या एका मंगळवारी पासपोर्ट हातात आला आणि त्याच संध्याकाळी मी मुंबईचं तिकीट काढलं. खरं तर मला ऑक्टोबरातच जायचं होतं. खाडीकडचं आमचं भाताचं शेत गोदामासाठी विकलं होतं आणि यंदाची कापणी शेवटची होती.

आफ्रिकेतल्या ज्या शहरात मी नऊ वर्षं शाळेत गणित शिकवतेय, त्याचं नाव इथे देत नाही. अजून तिथेच राहायचंय. सप्टेंबरमध्ये राहण्याचा परवाना नूतनीकरणाला दिला, सोबत पासपोर्ट. पंधरा दिवसांनी एजंटने हळूच सांगितलं, की साहेबांचं काही बघितल्याशिवाय फाईल हलणार नाही. आकडा माझ्या महिन्याच्या पगाराएवढा होता. मी नाही म्हटलं. मग परवान्याची मुदत संपली आणि बँकेने खातं गोठवलं. शाळा पगार पाकिटात घालून देऊ लागली. दर मंगळवारी मी परवाना कार्यालयाच्या खिडकीसमोर बसायचे आणि दर मंगळवारी घरी फोन करायचे, या आठवड्यात मिळेल बहुतेक. शेवटी त्या साहेबांच्या जागेवर नवीन बाई आल्या. त्यांनी गठ्ठ्यातून माझी फाईल काढली, शिक्के मारले. सगळं दहा मिनिटांत झालं.

विमान पहाटे उतरलं. कुणी या बाजूला येणार असाल तर पहाटेचंच विमान घ्या. ठाणं, बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर हा रस्ता सकाळी लवकर मोकळा मिळतो. एकदा कंटेनर सुटले, की अंजूरफाट्याला तास सहज जातो. टॅक्सीने अठराशे घेतले. रेल्वेने यायचं तर वसई-दिवा मार्गावर खारबाव स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघून ठेवा. काल्हेरपासून दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. आमचा टॅक्सीवाला जौनपूरचा. “मॅडम, इधर खेती भी थी क्या?” त्याने विचारलं. थी, मी म्हटलं.

आईने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी केली होती. जेवण झाल्यावर मी मागच्या अंगणात गेले. शेत नव्हतं. बांध, मधली चिंच, सगळं मुरुमाच्या भरावाखाली गेलेलं. माझ्या छातीइतका उंच भराव, त्यावर रोलर फिरत होता.

भास्कर, माझा धाकटा भाऊ, शेजारी येऊन उभा राहिला. मग त्याने जे सांगितलं, ते मला फोनवर कुणीच सांगितलं नव्हतं. भात तयार झाल्यावर आईने कापू दिलं नव्हतं. मी येणार म्हणून. रोज दाणा गळत होता आणि मजूर दुसरीकडे निघाले होते. बाराव्या दिवशी त्याने आईला न विचारताच कापणी लावली. निम्मं भात मातीत गेलं होतं.

आई ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, आई, मी पैसे दिले असते तर आले असते. चुकलं का माझं?

 ती म्हणाली, “बरोबर का चूक, मला कळत न्हाय. मला तू पायजे होतीस.”

तिने माझी समजूत घातली असती, तर बरं वाटलं असतं. पण तिला खोटं बोलता येत नाही आणि मलाही तेव्हा खोटं ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भास्कर आणि मी भिवंडीत बँकेत गेलो. जमिनीतला माझा वाटा जमा व्हायचा होता. अनिवासी खातं असेल तर परदेशातल्या पत्त्याचा पुरावा मूळ कागदासह न्या, नाहीतर परत पाठवतात. मी परवाना पुढे केला. काउंटरवरच्या मुलीने त्याच्याकडे ओझरतं बघितलं आणि झेरॉक्स मागितली. बस. त्या कागदासाठी मी चार महिने आणि एक कापणी दिली होती.

मी नऊ दिवस राहिले. रोज संध्याकाळी आई आणि मी त्या भरावावर चढून खाडीच्या बाजूला तोंड करून बसायचो. ती बोट दाखवून सांगायची, इथे पेरणीचा तुकडा होता, इथे तुझे बाबा औत सोडायचे.

आता परत आलेय. बँकेचं खातं सुरू झालं. परवाना दोन वर्षांचा आहे. ज्यांना यातून जायचंय त्यांनी सहा महिने आधी अर्ज करावा, पासपोर्टच्या प्रती ठेवाव्यात. पैसे द्यावेत की नाही, हे मी सांगणार नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी बहुधा नाहीच म्हणेन, आणि तेव्हाही माझी झोप उडालेली असेल.

काल आईचा फोन आला. गोदामाचे पत्रे चढले, म्हणाली. “आता अंगणात खाडीचा वारा येत न्हाय गं.” मी फोन ठेवेना. तीही ठेवेना. तिच्यामागे कुठेतरी ट्रक मागे घेत असल्याचा आवाज येत होता, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या ऐकत राहिलो.