भरती येईपर्यंत

बहरीनमध्ये शेवाळाला नावाने हाक मारणारा एकच माणूस मी पाहिला : ईसा टाउनला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. मी हिशेबनीस आहे, वाढवून सांगायची सवय नाही. पण नव्वदच्या दशकात आम्ही सगळे पाण्याच्या टाक्यांतलं शेवाळ खरवडून टाकत असताना हे गृहस्थ समुद्रावरून ते बादलीने घरी आणत. ट्रेमधल्या पाण्यात पसरायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं, वर सुती कापड, वर्तमानपत्रं आणि दगड. असा नमुना वाळून कागदावर कायमचा बसे. कापड म्हणजे आमच्या हिच्या विरलेल्या साड्या. "नवं कापड चिकटतं, वहिनी," असं इंग्रजीत सांगून ते चांगल्या साड्या परत करत. 'वहिनी' तेवढं आमच्याकडून उचललेलं. एकदा ते सुट्टीवर गेले असताना हिने मायेने त्यांच्या शेवाळ वाढवायच्या सगळ्या हिरव्या बरण्या लख्ख घासून ठेवल्या. आल्यावर त्यांनी एकेक बरणी उजेडात धरून पाहिली. "वहिनी, तुमच्यापुढे निसर्गाचं काही चालायचं नाही," म्हणाले आणि बादली घेऊन पुन्हा निघाले.

माघार हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. अस्करजवळच्या ज्या उथळ किनाऱ्याची ते वर्षानुवर्षं नोंद करत होते, तिथे भराव घालायचं ठरलं. काम सुरू व्हायच्या सकाळी तिथल्या ओळखीच्या मुकादमाचा मला फोन आला, गडी रत्नागिरीचा.

"साहेब, तुमचा म्हातारा पाण्यात उभा हाय. डंपर खोळंबलेत. समजवा हो त्याला!"

मी पोचलो तेव्हा ते गुडघाभर पाण्यात, ट्रे छातीशी धरून उभे. "शेवटची ओहोटी आहे," ते म्हणाले. "दगडांमागचा भाग राहिलाय. भरती येईपर्यंत मी हलणार नाही. हवं तर पोलिसांना बोलवा."

"अरे, शेवाळच तर हाय!" मुकादम करवादला. मी भाषांतर केलं.

"कुठलं?" जर्मनांनी विचारलं.

मुकादमाने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरांकडे वळून ओरडला, "इंजिनं बंद करा रे! भरती येऊ दे!" आणि विजार दुमडून स्वतःच ट्रे धरायला उतरला.

दुपारी पाणी चढलं. जर्मन बाहेर आले आणि पहिल्या डंपरने माती ओतली. "खलास, चाचा," मुकादम हळूच म्हणाला.

"खलास कसं? अजून वाळायचंय," म्हणत त्यांनी ओले कागद गाडीत नीट रचले. परतताना वाटेतल्या रिफा गावापर्यंत ते ताठ बसून होते. पुढे मात्र त्यांनी मला गाडी जरा हळू चालवायला सांगितली आणि घर येईपर्यंत, एकेक करून, त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या शेवाळांची नावं म्हणत राहिले.