बँकेच्या दारात सुतक

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते बँकेच्या रांगेत उभं राहायचं. गौलीगुड्यातल्या आमच्या घरातून चालत गेलो. वाटेत ती म्हणाली, "अवो, टोपी नीट घाला, साहेबापुढं जायचंय." मी टोपी नीट केली. नात रेणुका मागून येत होती, फोन छातीशी धरून.

साहेब नातवाच्या वयाचा. गळ्यात कार्डाचा पट्टा. मी सांगितलं, पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी पैसे भरले होते, त्यातले निम्मे गायब झाले. तो कॉम्प्युटरकडंच बघत बोलला.

"चार्जेस कटे. सिस्टम काटती."

"कशाचे चार्जेस?"

"मेसेज आता ना बाबा? पढना नहीं आता क्या?"

मी चौथी शिकलोय, मराठीत. मला वाचता येतं. मेसेज इंग्रजीत येतात. तेवढ्यात बायको पुढं झाली. टेबलाला वळसा घालून आत गेली, वाकली आणि त्याच्या बुटाला हात लावला. म्हणाली, "बाळा, पोरीची नर्सिंगची सीट जाईल रे. परवाच्याला फी भरायचीय."

त्यानं पाय मागं घेतला. रांगेकडं बघून हसला.

"पाँव नक्को पडो अम्मा, बॅलन्स रखो."

रांग हसली. सगळी.

पैसे कसले होते ते सांगतो. बायको बेगम बाजारात मिरचीचे देठ खुडायची. दिवसभर मिरचीत हात. घरी आल्यावर तळव्यांना तेल लावायची, तरी आग जायची नाही. त्या पैशातून ती गल्लीतल्या बायकांच्या चिट्टीत, म्हणजे भिशीत, दर महिन्याला भर टाकायची. यंदा चिट्टी तिच्या नावानं निघाली. ती रेणुकासाठी ठेवलेली. रेणुका आमच्या लेकीची पोर. लेक लवकर गेली, जावयानं दुसरं लग्न केलं. पोर आमच्याकडंच वाढली. आजीला तिला पांढऱ्या कपड्यात, दवाखान्यात बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं.

कॉलेज रोख पैसे घेत नाही. म्हणाले, फोनवरनं भरा. म्हणून रेणुकाच्या खात्यात पैसे टाकले.

ते खातं तिच्या पहिल्या नोकरीतलं. मॉलमधल्या दुकानात होती. दुकानवाल्यांनीच सगळ्या पोरींची खाती उघडून दिली, लागेल तिथं सह्या घेतल्या. पगार सुरू झाल्यावर पोरीनं हप्त्यावर फोन घेतला. मग एके दिवशी दुकानच बंद झालं. पगार थांबला, खातं रिकामं झालं. पोरीला वाटलं, रिकामं झालं म्हणजे संपलं. आम्हालाही तसंच वाटलं. डबा रिकामा झाला की आपण धुऊन पालथा घालतो. तो डबा आपल्याला काही मागत नाही.

हा डबा मागत होता. फोनचा हप्ता आला, खात्यात पैसे नाहीत, दंड. परत मागितला, परत दंड. खात्यात ठेवायची तेवढी रक्कम नाही, त्याचा वेगळा दंड. पैसे नाहीत म्हणून दंड, असा कायदा मी हमालीत कधी बघितला नाही. आमचा सेठ लबाड होता, पण ज्याला मजुरी दिली नाही त्याच्याकडनं पैसे मागायचा नाही.

दंड साठत गेला. बँक गप्प बसली, बिळासमोर मांजर बसतं तशी. चिट्टीचे पैसे पडले आणि तिनं झडप घातली.

पोरीला दंडाचं ठाऊक होतं. सांगायची लाज वाटली तिला. फोन वाजला की दचकायची. आम्हाला वाटायचं, वयच तसं आहे.

बँकेतून घरी आल्यावर बायकोनं हात धुतले. थोड्या वेळानं परत धुतले. मी म्हटलं, "जाऊ दे." ती म्हणाली, "हसले ओ सगळे."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. बँकेनं तिला मारलं असं मी म्हणत नाही. मरायच्या आधी तिला वाकवलं, एवढंच म्हणतो. आम्ही स्मशानात होतो तेव्हा फी भरायची मुदत संपली. सीट गेली.

मुलगा नाही. अग्नी मीच दिला. खात्यात उरलेले निम्मे मयताच्या खर्चाला काढले, खातं परत रिकामं झालं, हप्ता परत अडला.

आमच्यात मयताच्या घरी सगेसोयरे दुखवटा आणतात. कुणी टोपी, कुणी टॉवेल, कुणी पैसे. लांबचे लोक आता फोनवरनं पाठवतात. नांदेडहून पाठवले, पुण्याहून पाठवले. माझ्याकडं तसला फोन नाही. रेणुकाचा नंबर सगळ्यांकडं होता, त्याच खात्याला जोडलेला.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. कोपऱ्यात दिवा. फोन वाजला, टुन. लगेच परत वाजला, टुन. थोड्या वेळानं परत दोनदा. पोरगी उठेना.

मी विचारलं, "काय गं?"

"पहिला वाजतो तेव्हा पैसे येतात, आजोबा. दुसरा वाजतो तेव्हा जातात."

बायकोचा दुखवटा. तो पण गिळला.

मग पोरगी म्हणाली, "मी जाते उद्या. पाया पडते त्याच्या. आजी पडली तशी."

मी आयुष्यभर पोती उचलली. सेठपुढं वाकलो, मुनीमापुढं वाकलो. पोतं उचलायचं तर वाकायलाच लागतं, तसंच हे पण, असं समजत आलो. पण इथं माझी नात, शिकलेली, माझ्यासमोर वाकायची तयारी करत बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आमच्याकडं बघूनच शिकली होती.

मी म्हटलं, "तू वाकलीस तर तुझं तोंड बघणार नाही. उद्या मी जातो."

धाकटा भाऊ तिथंच होता. "दादा, सुतक फिटू दे. असल्या अंगानं कुणाच्या दारात जायचं नसतं. लोक काय म्हणतील?"

"त्यांनी सुतकात माझ्या घरात हात घातला. मेलेल्या बाईच्या नावाचे पैसे खाल्ले. ते सुतकात भागीदार झाले. आता त्यांनी पण पाळावं."

"येडा झालास तू."

"हौ, झालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. डोकं भादरलेलं, खांद्यावर पांढरं उपरणं. टोपी घातली नाही. रेणुका सोबत आली.

बँकेसमोर छोटा मंडप घातला होता, फुगे लावलेला. कॉलेजच्या पोरांची नवी खाती उघडत होते. सही करणाऱ्याला एक पिशवी फुकट. मी दाराच्या पायरीवर मांडी घालून बसलो. एक बाई लेकाला घेऊन येत होती. माझं डोकं, माझं उपरणं बघितलं आणि तिनं लेकाचा दंड धरून मागं ओढलं. तिच्यामागचेही थांबले.

वॉचमन धावत आला. "बाबा, इधर नक्को बैठो. मैयत के घर से आये क्या?"

"हौ. मैयत का पैसा अंदर है. लेने आया."

तोच साहेब बाहेर आला. उंबऱ्याच्या आतच उभा राहिला. मला ओळखलं त्यानं. "अंदर आओ बाबा, बैठ के बात करते."

"अंदर नहीं आता. क्या क्या काटे, सब कागज पे लिख के दो. पैसा वापस दो. इस बच्ची का खाता बंद करो."

"वो हमारे हाथ में नहीं है."

मी मंडपातल्या पोरांकडं तोंड केलं. मोठ्यानं बोललो, बाजारात बोलायचो तसं. "बच्चों, नोकरी गयी, पैसा खतम हुआ, तो ये लोग क्या काटते, पहले लिखा के लो. लिख के नहीं दिये तो दस्तखत मत करो." एका पोरीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

साहेबाचा आवाज उतरला. "कितने दिन बैठते बाबा?"

"सुतक दहा दिवसांचं," मी मराठीतच म्हटलं. "माझं त्याच्यापुढंही चालंल."

वॉचमन म्हणाला, जरा बाजूला सरका, रस्ता द्या. मी उठलो, उपरणं झटकलं, आणि दाराच्या मधोमध बसलो.