सासूबाईंना वाचून दाखवलेली कादंबरी

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचा टीव्ही बंद केला. मालिकांशिवाय दुपार कशी काढायची, हा त्यांचा प्रश्न. त्याच आठवड्यात रिसोडला, मी शिकवते त्या शाळेतल्या एका मैत्रिणीने एक कादंबरी वर्तमानपत्राचं कव्हर घालून माझ्या हातात दिली. "सगळे वाचून राह्यले, तू पण वाच," म्हणाली.

चाळीस पानांतच मी कंटाळले. नायक अब्जाधीश, घोड्यांचा शौकीन, कायम धुमसत असलेला. नायिका त्याला पाहिलं की थरथरायची. दार उघडलं तरी थरथरायची. पुस्तक मिटणार, तेवढ्यात काळा चष्मा लावून पडलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मनातल्या मनात काहून वाचतं? मोठ्यानं वाच. मले बी आयकू दे."

मी गाळत गाळत वाचू लागले. अडचणीचा भाग आला की म्हणायचे, "मग ते दोघं जेवले."

त्या शांतपणे ऐकत होत्या. मध्येच विचारलं, "त्याच्या घोड्यायले चारा कोन टाकते? हा तर सारा दिवस तिच्या मानेपाशीच हाये."

"गडी असतील, आई."

थोड्या वेळाने मी त्या दोघांना पुन्हा जेवायला बसवलं. सासूबाई उठून बसल्या. "आताच तर जेवले होते. पुना कायले जेवून राह्यले?"

मी घाईने पान उलटलं.

"मले तीन लेकरं झाले बाई," त्या म्हणाल्या, "ते काय जेवून झाले? जे लिवलं ते वाच."

मग वाचलं. हजेरी घेतल्यासारखं, एका सुरात, कान तापलेले. दोन पानं झाली, तिसरं झालं. सगळ्यात धगधगत्या ठिकाणी पोचले तर सासूबाई चक्क घोरत होत्या.

त्या जाग्या झाल्यावर मी विचारलं, "पुढे वाचू?"

"राहू दे. लय घाई हाये त्या मानसाले." मग त्या बोलू लागल्या. "आमच्या वक्ती घरात पंधरा मानसं. बोलाले जागा नव्हती. वावरातून येताना लुगड्याच्या काठाले कुसळं लागत. तुझा सासरा बांधावर बसे अन् एक एक कुसळ काढे. सावकाश. वर पाहे बी नाही."

"मग?"

"मंग काय. सारे कुसळं निंघाले की म्हने, चाल, पुना त्याच गवतातून जाऊन येऊ."

एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिले. मग उठून ती कादंबरी शाळेच्या पिशवीत टाकली, परत करायला.